फोर्टातले स्कॉटिश चर्च

मुंबईच्या फोर्ट भागात, नौदलाच्या गोदीच्या लायन गेटाजवळ सेंट अँड्र्यूज चर्च उभे आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत आणि मुंबईच्या व्यापारात असलेल्या स्कॉटलंडच्या माणसांनी स्वतःच्या उपासनेसाठी ते उभारले आणि १८१९ साली ते खुले झाले. प्रेस्बिटेरियन पंथाचे मुंबईतले हे पहिले चर्च. स्कॉट लोक चर्चला ‘कर्क’ म्हणतात, त्यामुळे जुन्या लिखाणात याचा उल्लेख ‘स्कॉट्स कर्क’ असाही सापडतो. पुढे त्याच्या नावाला सेंट कोलंबा हे दुसऱ्या संताचे नावही जोडले गेले.

वसई, नालासोपारा, निर्मळ, आगाशी या पट्ट्यातल्या वाचकाच्या ओळखीचे चर्च वेगळे असते. सोपाऱ्याचा ख्रिस्ती धर्माशी संबंध फार जुना. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, तेव्हा त्यांचा सोबती जॉर्डानुस याने त्यांचे देह सोपाऱ्याला आणून पुरले. १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि मग गावोगाव कॅथलिक चर्चे झाली. सजवलेली वेदी, संतांच्या मूर्ती, क्रूस, सणाची मिरवणूक आणि सगळ्यांच्या वर बिशप, ही त्या चर्चची घडण. प्रेस्बिटेरियन चर्चात यातले जवळजवळ काहीच नसते. भिंती कोऱ्या, मूर्ती नाही, आणि नजर जाते ती वेदीकडे नव्हे तर उपदेशाच्या पीठाकडे. उपासनेचा मोठा भाग वाचन, स्तोत्रगायन आणि उपदेश यांचा असतो. प्रभुभोजनाचा विधी वर्षातून मोजक्याच वेळा होई.

खरा फरक मात्र कारभारात आहे. या पंथाला बिशप मान्य नाही. मंडळी आपल्यातून ‘वडील’ निवडते, ग्रीक भाषेतल्या ज्या शब्दावरून पंथाला नाव मिळाले त्याचाही अर्थ वडीलधारा असाच आहे. पाळक आणि वडील मिळून मंडळीचा कारभार पाहतात. आसपासच्या मंडळ्यांची मिळून प्रेस्बिटरी, तिच्यावर सिनड आणि सर्वांत वर वर्षातून एकदा भरणारी जनरल असेंब्ली. असेंब्लीचा अध्यक्षही वर्षापुरताच. जिनिव्हात जॉन कॅल्व्हिनने मांडलेला हा विचार जॉन नॉक्सने स्कॉटलंडला नेला आणि १५६० साली तिथल्या संसदेने पोपची सत्ता झुगारली. पुढे १६०९ पासून इंग्लंडच्या राजाने आयर्लंडच्या उत्तरेला, अल्स्टर प्रांतात, स्कॉट शेतकरी वसवले. त्यांचे वंशज अठराव्या शतकात हजारोंनी अमेरिकेला गेले आणि पेनसिल्व्हेनियापासून दक्षिणेकडे जिथे जमीन मिळाली तिथे त्यांनी आधी घर, मग चर्च आणि लगेच शाळा बांधली. अमेरिकेतली पहिली प्रेस्बिटरी १७०६ साली फिलाडेल्फियात भरली, ती बोलावणारा फ्रान्सिस मॅकेमी अल्स्टरचाच होता. चर्चबरोबर शाळा हवीच, ही सवय या लोकांनी जाईल तिथे नेली. मराठी मुलखाचा यांच्याशी जो संबंध आला तो मुख्यतः या सवयीमुळे.

मुंबईत स्कॉट माणसे आधीपासून पुष्कळ होती. फोर्ब्स पेढीचा संस्थापक जॉन फोर्ब्स ॲबर्डीनच्या भागातला. जोनाथन डंकन, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि जॉन माल्कम हे तीन गव्हर्नर स्कॉट. १८०४ साली मुंबईत लिटररी सोसायटी काढणारा न्यायाधीश जेम्स मॅकिंटॉश हाही स्कॉटच. संख्या आणि वजन असूनही धर्माच्या बाबतीत यांना इंग्लंडच्या चर्चच्या दारात उभे राहावे लागे, कारण कंपनीचे पगारी धर्मगुरू फक्त त्या चर्चचे. १८१३ साली कंपनीची सनद नव्याने मंजूर झाली. तिच्यात कलकत्त्यासाठी अँग्लिकन बिशपची सोय झाली, तेव्हा स्कॉटलंडनेही आपला हक्क पुढे केला आणि प्रत्येक इलाख्यात एक स्कॉटिश धर्मगुरू पाठवायला कंपनी तयार झाली. मुंबईच्या वाट्याला जेम्स क्लो आले. ते १८१५ साली इथे पोहोचले.

पुढची काही वर्षे मानापमानात गेली. स्कॉटिश पाळकाने लावलेले लग्न हिंदुस्थानात कायदेशीर धरायचे की नाही, हीसुद्धा शंका काढली गेली आणि ती मिटवायला १८१८ साली ब्रिटिश संसदेला खास कायदा करावा लागला. चर्चच्या मनोऱ्यावरूनही वाद रंगत, कारण उंच मनोरा ही राजमान्य चर्चची खूण, ती इतरांना का द्यावी? कलकत्त्याच्या स्कॉटिश चर्चच्या शिखरावर बसवलेला कोंबडा बिशपला खिजवण्यासाठीच होता, अशी आख्यायिका तिथे अजून सांगतात. मुंबईच्या चर्चलाही मनोरा मिळाला, पण तो फार टिकला नाही. १८२६ साली त्यावर वीज कोसळली. पुढच्याच वर्षी जॉन काल्डेकॉटने तो पुन्हा बांधला. काही वर्षांनी चर्चच्या शेजारी बर्फघर झाले. अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांचा बर्फ भुशात गुंडाळून जहाजाने मुंबईला येई आणि इथे साठवला जाई. बर्फघर गेले, चर्च राहिले.

या चर्चचे मराठी माणसाशी सुरुवातीला काही देणेघेणे नव्हते. उपासना इंग्रजीत, बाकांवर गोरे अधिकारी, व्यापारी आणि सैनिक. मराठी मुलखात शिरले ते दुसरे स्कॉट, कंपनीचा पगार न घेणारे. एडिंबरोच्या स्कॉटिश मिशनरी सोसायटीने १८२३ साली डोनाल्ड मिचेलला पाठवले. पूर्वी तो कंपनीच्याच फौजेत अधिकारी होता. त्याला पुण्याला जायचे होते, पण पेशवाई बुडून पाचच वर्षे झाली होती आणि पुण्यासारख्या ठिकाणी पाद्री धाडून लोकांना डिवचण्याची सरकारची तयारी नव्हती. म्हणून तो कोकणात बाणकोटला गेला. हे बंदर १७५६ पासून कंपनीकडे असल्यामुळे तिथे अडचण नव्हती. वर्ष संपायच्या आत तो तापाने मेला. पण त्याच्या मागून जेम्स मिचेल, अलेक्झांडर क्रॉफर्ड, जॉन स्टीव्हन्सन, रॉबर्ट नेस्बिट असे एकेक येत गेले. बाणकोट आणि हर्णै या दोन गावांत ते मराठी शिकले, शाळा काढल्या, बाजारात उभे राहून उपदेश केला. धर्मांतरे नगण्य झाली. मात्र मराठी उत्तम बोलणाऱ्या पाद्र्यांची एक पिढी या दोन बंदरांत तयार झाली.

त्यांच्यातला सर्वांत कर्तबगार जॉन विल्सन. तो आणि त्याची पत्नी मार्गारेट १८२९ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले, काही महिने कोकणात मराठी शिकून परत आले आणि मुंबईतच राहिले. १८३१ साली विल्सनने प्रेस्बिटेरियन पद्धतीची पहिली देशी मंडळी स्थापन केली. मूठभरच सभासद होते, पण उपासना मराठीत होती. मार्गारेटने मुलींच्या शाळा काढल्या. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा आपला उगम १८३२ सालच्या तिच्या कामात सांगते. १८३५ साली ती मुंबईतच वारली. १८३२ सालीच विल्सनने गिरगावात आंब्रोळी भागात इंग्रजी शाळा सुरू केली. तिचेच पुढे विल्सन कॉलेज झाले. चौपाटीसमोरची त्याची आजची इमारत १८८९ सालची.

विल्सनला वादविवादाची हौस होती, आणि मुंबईनेही त्याला प्रतिस्पर्धी पुरवले. १८३१ साली मोरभट दांडेकरांशी त्याचा जाहीर वाद झाला. मोरभटांनी आपली बाजू ‘हिंदुधर्मस्थापना’ या पुस्तकात छापली, विल्सनने त्याला पुस्तकानेच उत्तर दिले. मिशनऱ्यांच्या छापखान्यांनी धर्माची चर्चा छापील करून टाकली, आणि शास्त्रीपंडितांनाही छापखान्याची वाट धरावी लागली. मराठी गद्याच्या घडणीत या भांडणांचा वाटा मोठा आहे. तो मान्य करायला आपल्याकडे अजून थोडी कुचराई होते.

शाळेतून धर्मांतरे झाली ती थोडी, पण प्रत्येकाने शहर हादरले. १८३९ साली धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी विल्सनकडून बाप्तिस्मा घेतला. पारशी पंचायतीने कोर्ट गाठले. कोर्टाने मुलांना स्वतःचा निर्णय घेऊ दिला, आणि शाळेतली मुले पालकांनी धडाधड काढून घेतली. चार वर्षांनी, १८४३ साली, नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने नेस्बिटच्या हातून बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच्याबरोबर मिशनऱ्यांच्या घरी राहू लागला. श्रीपत अज्ञान असल्यामुळे कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केले. आता प्रश्न उभा राहिला तो वेगळाच: पाद्र्याच्या घरचे अन्न खाल्लेल्या या मुलाला जातीत परत घ्यायचे का? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला घ्यावे असा पक्ष उचलून धरला आणि मुंबईचे ब्राह्मण दुभंगले. बाळशास्त्र्यांना मोठाच रोष पत्करावा लागला. स्कॉटिश मिशनची यादी एका नावाने वाढली की कमी झाली यापेक्षा हा वाद महत्त्वाचा. शुद्धीचा प्रश्न मराठी समाजात आधुनिक काळात प्रथम जाहीरपणे लढवला गेला तो इथे.

त्याच १८४३ साली स्कॉटलंडमध्ये एक फूट पडली आणि तिचे धक्के गिरगावापर्यंत आले. गावचा पाळक नेमण्याचा अधिकार कोणाचा, हा मूळ तंटा. कायद्याने तो तिथल्या जमीनदाराकडे होता. मंडळीला नको असलेला पाळकही जमीनदार तिच्या गळ्यात मारू शकत असे. वडील निवडून देणाऱ्या पंथात हे बसणारे नव्हतेच. दहा वर्षांच्या कोर्टकज्ज्यांनंतर १८ मे १८४३ रोजी एडिंबरोच्या जनरल असेंब्लीतून पाळकांचा मोठा गट उठून बाहेर पडला. साडेचारशेहून अधिक पाळकांनी पगार, घर आणि चर्च सोडून ‘फ्री चर्च’ स्थापन केले. हिंदुस्थानातल्या स्कॉटिश मिशनऱ्यांनीही फ्री चर्चची बाजू घेतली. विल्सन त्या वेळी धनजीभाईंना बरोबर घेऊन पॅलेस्टाइनमार्गे मायदेशी निघाला होता. मुंबईत नेस्बिट आणि त्याचा सहकारी मिशनरी मरे मिचेल यांनी निर्णय घेतला. शाळेसाठी नुकतीच बांधलेली इमारत, ग्रंथसंग्रह आणि उपकरणे जुन्या चर्चच्या मालकीची ठरली. मिशनऱ्यांनी ती मुकाट्याने सोडली आणि भाड्याच्या जागेत वर्ग भरवले. विद्यार्थी त्यांच्या मागोमाग गेले.

फोर्टातले चर्च मात्र सरकारमान्य जुन्या चर्चकडेच राहिले, कारण त्याच्या पाळकाचा पगार कंपनी देत होती. यापुढे मुंबईत स्कॉटिश प्रेस्बिटेरियनांची दोन घरे झाली. एकाकडे सरकारी मान्यता होती, दुसऱ्याकडे मराठी मंडळी आणि शाळा. इतिहासाच्या दृष्टीने दुसरे घर वरचढ ठरले, यात शंका नाही.

पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेने हे सर्वांत स्पष्ट दाखवले. १८४१ ते १८४७ या काळात जोतीराव फुले तिथे शिकले. जातपात न पाहता एका बाकावर बसवणाऱ्या या शाळेत त्यांना इंग्रजी मिळाली, वेगळ्या जगाची पुस्तके मिळाली आणि ब्राह्मण, मुसलमान, माळी असे सगळ्या जातिधर्मांचे मित्र मिळाले. पुढे १८५४ च्या सुमारास ते त्याच मिशनच्या शाळेत शिकवतही होते. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. पाद्र्यांनी जे द्यायचे ठरवले होते ते सोडून, त्यांना हवे होते ते त्यांनी घेतले. मिशनच्या शाळांत शिकलेल्या बहुतेक मराठी विद्यार्थ्यांनी हेच केले. विल्सन कॉलेजचे एक विद्यार्थी पांडुरंग वामन काणे पुढे धर्मशास्त्राच्या इतिहासाचे भारतरत्न ग्रंथकार झाले.

जे ख्रिस्ती झाले त्यांनीही मुंबईच्या पाद्र्यांची वाट जशीच्या तशी गिरवली नाही. नारायण शेषाद्री १८५४ साली पाळक झाले आणि १८६३ पासून जालन्याला काम करू लागले. तिथे निजामाचा दिवाण सालारजंग याने दिलेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. त्यात राहायला आले ते मुख्यतः मातंग आणि महार समाजाचे लोक. फोर्टातल्या चर्चमध्ये ज्यांच्यासाठी बाक नव्हता त्यांचे हे गाव एका मराठी ब्राह्मण पाळकाने उभे केले. नागपूरला स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये गेले होते. धर्मप्रसाराइतकेच ते तिथल्या दगडांत आणि जीवाश्मांत रमले आणि १८६३ मध्ये नदी ओलांडताना बुडून मेले. त्यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात १८८३ पासून आहे.

या मंडळींच्या विद्याव्यासंगाचा एक धागा थेट सोपाऱ्याला येऊन पोहोचतो. बाणकोटपासून सुरुवात केलेला स्टीव्हन्सन पुढे फोर्टातल्या याच चर्चचा पाळक झाला. मिशन आणि सरकारी चर्च यांच्यातला तोच दुवा. त्याने मराठीचे व्याकरण लिहिले, सामवेदाचे भाषांतर केले, लेण्यांतले लेख वाचण्याची खटपट केली. मरे मिचेलने १८४९ साली तुकारामांवर लेख लिहिला. पुण्याच्या निकोल मॅक्निकोलने १९१९ मध्ये मराठी संतांच्या अभंगांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. विल्सन १८३५ साली काठेवाडात फिरत असताना गिरनारच्या पायथ्याशी तो मोठा कोरीव खडक पाहायला थांबला. त्यावरची अक्षरे तेव्हा कोणाला वाचता येत नव्हती. त्याच्या सांगण्यावरून कॅप्टन लँगने कापडावर त्यांचा ठसा घेतला आणि तो कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे गेला. ब्राह्मी लिपी उलगडल्यावर प्रिन्सेपने १८३८ साली दाखवून दिले की गिरनारचा आणि ओरिसातल्या धौलीचा मजकूर एकच आहे, आणि तो सम्राट अशोकाच्या आज्ञांचा आहे.

गिरनारच्या चौदा आज्ञा वाचून झाल्या होत्या म्हणूनच १८८२ साली सोपाऱ्यात सापडलेल्या एका फुटक्या दगडावरच्या तुटक ओळी ओळखता आल्या. त्या आठव्या आज्ञेच्या होत्या. पंडित भगवानलाल इंद्रजींनी त्याच वर्षी बुरुड राजाच्या कोटातला स्तूप खणला आणि दगडी पेटीतून बुद्धमूर्ती, सोन्याची फुले आणि भिक्षापात्राचे तुकडे बाहेर काढले. या कामात त्यांच्याबरोबर होते मुंबई गॅझेटियरचे संपादक जेम्स मॅकनॅब कॅम्पबेल. त्यांचे वडील जॉन मॅक्लिऑड कॅम्पबेल स्कॉटलंडमधले पाळक. ख्रिस्त सगळ्यांसाठी मेला, निवडक लोकांसाठी नव्हे, असे शिकवल्याबद्दल १८३१ च्या जनरल असेंब्लीने त्यांना पदावरून काढून टाकले होते. बापाला चर्चने बाहेर घातले, आणि मुलाने ठाणे जिल्ह्याची देवळे, मशिदी आणि चर्चे सारख्याच बारकाईने नोंदवून ठेवली.

अल्स्टरचे स्कॉटही मुंबईमार्गेच आले. १० जुलै १८४० रोजी बेलफास्टला आयर्लंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चची पहिली जनरल असेंब्ली भरली आणि त्याच दिवशी जेम्स ग्लासगो व अलेक्झांडर कर यांची हिंदुस्थानसाठी नेमणूक झाली. १८४१ साली ते मुंबईला आले. विल्सनने त्यांना काठेवाडचा रस्ता दाखवला, तो स्वतः त्यांच्याबरोबर राजकोटला गेला. कर काही महिन्यांतच वारला, पण काम चालू राहिले आणि १८४६ साली सुरतेचे मिशनही आयरिश प्रेस्बिटेरियनांकडे आले. सुरतेचा मिशन प्रेस गुजराती छपाईत नावाजला. म्हणजे पालघर जिल्ह्याच्या उत्तरेला गुजराती बोलणारे प्रेस्बिटेरियन अल्स्टरचे आणि दक्षिणेला मराठी बोलणारे स्कॉटलंडचे, अशी वाटणी झाली.

अमेरिकेत गेलेल्या शाखेने कोल्हापूर धरले. रॉयल वाइल्डर १८५२ पासून तिथे काम करत होता. १८७० मध्ये त्याचे मिशन अमेरिकन प्रेस्बिटेरियन चर्चने ताब्यात घेतले. दक्षिण महाराष्ट्रात त्यांची ओळख चर्चपेक्षा दवाखान्यांनी झाली. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत उघडलेले रुग्णालय आणि वेंगुर्ल्याचे सेंट ल्यूक रुग्णालय ही त्यांतली ठळक नावे. मिरजेला आजही दूरदूरचे रोगी येतात, त्या लौकिकाची सुरुवात इथून आहे.

विसाव्या शतकात फुटलेली घरे पुन्हा जुळत गेली. स्कॉटलंडमध्ये फ्री चर्चचा मोठा भाग १९०० साली दुसऱ्या एका शाखेशी आणि १९२९ साली जुन्या चर्चशी एक झाला. पाळक नेमण्याचा जमीनदारांचा हक्क त्याआधीच, १८७४ मध्ये, कायद्याने रद्द झाला होता. हिंदुस्थानातल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्या १९०४ साली एका छत्राखाली आल्या. १९२४ मध्ये त्यांच्यात काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून युनायटेड चर्च झाले आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकनांबरोबर झालेल्या या एकीकरणात प्रेस्बिटेरियनांनी बिशप स्वीकारला आणि मंडळीच्या कारभारात वडिलांचे स्थान टिकवले. ज्या बिशपच्या बरोबरीसाठी १८१३ मध्ये भांडण मांडले होते, त्याच्याशी दीडशे वर्षांनी तडजोड झाली. फोर्टातले चर्चही आज याच संस्थेत आहे आणि तिथे रविवारची उपासना होते.

नालासोपाऱ्याहून लोकलने चर्चगेटला उतरणाऱ्याला हे चर्च चालत जाऊन पाहता येते. तिथून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही जवळच आहे. सोपाऱ्याला १८८२ मध्ये मिळालेला आठव्या आज्ञेचा तुकडा आणि १९५६ मध्ये मिळालेला नवव्या आज्ञेचा दगड दोन्ही तिथे ठेवले आहेत. एका फेरीत दोन्ही ठिकाणे पाहून व्हावीत.